सव्वापाचची एसटी : स्मृतिभ्रंश झालेल्या एका शिक्षिकेच्या स्थलांतराचं प्रकरण

मी पुण्यात स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. ज्या निवासाबद्दल लिहिलं आहे, त्याचंही नाव देणार नाही. तिथे जे झालं ते इतर ठिकाणीही होताना मी पाहिलं आहे. आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक निवासाची नव्हती, आमची होती.

पार्श्वभूमी

बाईंचं वय तेव्हा ७६. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची १७ वर्षं कोरेगाव तालुक्यातल्या एकाच गावात. घर साताऱ्यात, त्यामुळे रोज एसटीने जाणं-येणं. २००५ साली निवृत्त झाल्या आणि पुढच्या वर्षी दोघं पुण्यात सहकारनगरला राहायला आले. त्यांचे यजमान, त्यांना इथे अण्णा म्हणते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय ८१. लेक नाशिकला बँकेत, मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला.

विसराळूपणाची सुरुवात २०१९च्या सुमाराची. बाईंची हिशेबाची वही असायची, दुधापासून रिक्षापर्यंत सगळं त्यात लिहिलेलं. एका महिन्यात एकच रक्कम चार-चार वेळा मांडलेली अण्णांना दिसली. ते रात्री गुपचूप वही दुरुस्त करायला लागले. मग भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, तेव्हा स्वयंपाक त्यांनी स्वतःकडे घेतला. फोनवर लेकीने काही विचारलं की बाई अडखळायच्या आत उत्तर अण्णा द्यायचे. हे दोन वर्षं चाललं. लेकीला वाटायचं, आई हल्ली कमी बोलते, एवढंच.

२०२१ साली न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. बी-१२, थायरॉइड, एमआरआय हे सगळं झालं. त्या कमतरतांनीही स्मरणशक्ती मंदावते आणि त्यांवर उपचार होऊ शकतो, म्हणून आधी तेच पाहतात. ते ठीक निघालं. स्मृतीच्या चाचणीत ३०पैकी १९ गुण आले. निदान अल्झायमर. डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. तिने काहींची लक्षणं थोडा काळ सावरतात, आजार थांबत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णांनी ते ऐकलं आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. त्यांतल्या बहुतेकांची घडी अशीच घरात, एखाद्या अण्णांच्या जिवावर बसलेली असते. अण्णा उभे आहेत तोवर बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

अडचण

ऑगस्ट २०२३मध्ये एका संध्याकाळी अण्णा औषधं आणायला खाली गेले आणि परत येईपर्यंत बाई घरात नव्हत्या. त्या सापडल्या स्वारगेट स्थानकावर. पायात एकच चप्पल, हातात पर्स, आणि चौकशीच्या खिडकीपाशी त्या वाहतूक नियंत्रकाला विचारत होत्या, सव्वापाचची गाडी लागली का. तो माणूस भला होता. त्याने त्यांना आत बसवलं, चहा दिला, पर्समधल्या डायरीतून घरचा नंबर काढून फोन केला. अण्णा रिक्षाने जाऊन त्यांना घेऊन आले. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी लावली. लेकीला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात अण्णा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, वॉकर, पुढचे दोन-तीन महिने आधाराशिवाय चालायचं नाही. लेक नाशिकहून धावत आली आणि पहिल्यांदाच सलग चार दिवस, अण्णा मध्ये नसताना, आईबरोबर राहिली. तिसऱ्या रात्री तिचा मला फोन आला. पहिलं वाक्य होतं, ‘आमच्या घरात हे इतकं पुढे गेलंय हे मला माहीतच नव्हतं.’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिने आधीच चालू केला होता. ब्युरोतून २४ तासांची बाई, महिना २८ हजार रुपये आणि जेवण. तीन आठवड्यांत चार जणी आल्या आणि गेल्या. एकीवर बाईंनी पर्स चोरल्याचा आरोप केला. दुसरी म्हणाली, आजी रात्रभर झोपत नाहीत, मी दिवसा कशी काम करू? तिचं खरंच होतं. रात्री जागणाऱ्या माणसाजवळ एकाच बाईने २४ तास राहणं ही अपेक्षाच चुकीची. बारा-बारा तासांच्या दोघी ठेवायच्या तर खर्च ४० हजारांच्या पुढे जात होता, आणि त्यांच्यावर देखरेख कुणी करायची हा प्रश्न उरतच होता. अण्णा स्वतः बिछान्यात होते.

दुसरा पर्याय नाशिक. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोघं नवरा-बायको नोकरीला, मुलगा बारावीला. त्याआधीच्या दिवाळीत बाई तिथे नऊ दिवस राहिल्या होत्या आणि नऊही दिवस त्यांना संडासाचं दार सापडलं नव्हतं. तरी लेक नोकरी सोडायला तयार होती. मी तिला तसं करू नको म्हटलं. आजार आठ-दहा वर्षं चालू शकतो, आणि पहिल्या महिन्याच्या घाबरलेपणात सोडलेली नोकरी परत मिळत नाही. हा सल्ला आजही मला बरोबर वाटतो.

डे-केअरचा विचार लगेच बाजूला पडला. बाईंची अवघड वेळ संध्याकाळची आणि केंद्र पाचला बंद.

राहिलं ते निवास. इथे थोडं थांबून सांगते, कारण बहुतेक घरांत शब्दांचा गोंधळ असतो. साधे वृद्धाश्रम बहुधा ‘स्वतःचं स्वतः करता येणाऱ्यांनाच’ प्रवेश देतात, विसरण्याचा आजार म्हटला की नाही म्हणतात. असिस्टेड लिव्हिंगमध्ये स्वतःची खोली असते, जेवण, औषधं, आंघोळीला मदत मिळते, पण माणूस आपला आपण बाहेर जाऊन परत येईल हे गृहीत धरलेलं असतं. मेमरी केअरचा, म्हणजे खास स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचा, मजला बंद असतो. तिथे मदतनीस जास्त लागतात आणि दिवसाची आखणी त्यांच्या हातात असते. पुण्यात हे तिन्ही प्रकार आहेत आणि जाहिरातीत तिन्ही सारखेच दिसतात. स्वारगेटच्या प्रसंगानंतर बाईंसाठी तिसराच प्रकार योग्य होता. अण्णांसाठी दुसरा. दोघं एकत्र राहतील अशी जागा आम्हाला मिळाली नाही.

पैशांचं सांगायलाच हवं. जे निवास पसंत केलं त्याचे महिना ४६ हजार, अनामत दीड लाख, डायपर, औषधं आणि दवाखाना वेगळा. आरोग्य विमा अशा निवासाचा खर्च देत नाही, तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच देतो. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना लागू झालेली आयुष्मानची पाच लाखांची योजनाही रुग्णालयातल्या उपचारांचीच आहे. बाईंची पेन्शन ३४ हजार, पण ती त्यांच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात जमा व्हायची. मुलाने सुचवलं, आईची सही अजून सुरेख येते, मुखत्यारपत्र करून घेऊ. सही खरोखरच सुरेख यायची, फळ्यावर काढल्यासारखी. पण कशावर सही करतो आहोत हे त्यांना समजत नव्हतं, म्हणजे ते पत्र मुळातच टिकणारं नव्हतं. आधी केलेलं असतं तरी आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपतं. उरतो तो उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग, आणि तो या कुटुंबाला तेव्हा झेपणारा नव्हता. म्हणून फी अण्णांच्या ठेवींतून आणि मुलाकडून निघाली, पेन्शन खात्यात तशीच साठत राहिली. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला बँकेच्या माणसाने येऊन घेतला. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलेलं आहे. शाखेला मात्र त्याची दोनदा आठवण करून द्यावी लागली.

निर्णय कसा झाला

बैठक रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये झाली. लेक, मी, आणि फोनच्या पडद्यावर मुलगा. तास-सव्वा तास बोललो. अण्णा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होते. जिना चढायला दोन मिनिटं लागली असती.

त्यांना त्रास नको, असं आम्ही तिघांनीही म्हटलं. शस्त्रक्रिया ताजी आहे, ते रडतील, नाही म्हणतील. मी या कामात चौदा वर्षं आहे, आणि तरीही मीच म्हणाले की आधी आपण ठरवू, मग त्यांना सांगू. बाईंबरोबर ५२ वर्षं राहिलेला एकमेव माणूस त्या टेबलाशी नव्हता. त्याने पुढे काय झालं ते येईलच.

त्यानंतरच्या दोन दिवसांत तीन जागा पाहिल्या. माझी पाहण्याची पद्धत ठरलेली आहे. दारातून आत गेल्यावर वास कसा येतो, संडासाच्या दारावर चित्र आहे का, रात्री किती जणांमागे किती मदतनीस, पडल्याची नोंदवही आहे का, दाखवता का. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यात आजाराच्या व्याख्येत स्मृतीचाही उल्लेख आहे, म्हणून त्याखाली नोंदणी केली आहे का, हेही विचारते. निवडलेल्या जागेची उत्तरं तिघांत सगळ्यात बरी होती. जागा स्वच्छ होती, अंगण होतं, झाडं होती.

तिन्ही ठिकाणी आम्ही सकाळी अकराला गेलो. सकाळी अकराला प्रत्येक निवास शांत असतं. आंघोळी उरकलेल्या, केस विंचरलेले, कुणीतरी भजन लावलेलं. बाईंची वेळ संध्याकाळी पाचची होती हे मला स्वारगेटच्या प्रसंगावरून माहीत होतं, आणि तरी पाचला तिथे काय चालतं हे मी पाहिलं नाही.

प्रवेश अर्ज सहा पानी. आजार, औषधं, ॲलर्जी, अनामत, जबाबदार व्यक्ती. पाचव्या पानावर एक ओळ होती : ‘सवयी / छंद’. लेकीने लिहिलं, ‘वाचन, भजन.’ खोटं नव्हतं. पण त्यात तिची आई नव्हती.

स्थलांतर आणि पहिले सहा आठवडे

भाऊबीज झाली आणि त्याच आठवड्यात बाईंना नेलं. दोन दिवस डॉक्टरांकडे राहायचंय, असं सांगितलं. लिफ्टपाशी त्या थांबल्या आणि लेकीला विचारलं, ‘ह्यांना सांगितलंस का?’ लेक हो म्हणाली. अण्णांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

निवासाचा नियम होता : पहिले पंधरा दिवस घरच्यांनी यायचं नाही, माणूस रुळतो. मी त्याला होकार दिला. आता देत नाही. लहान मुलाला बालवाडीत सोडताना कदाचित असं चालत असेल, कारण ते मूल रोज संध्याकाळी घरी येतं. ज्याला कालचं आठवत नाही त्याला पंधरा दिवसांनी ‘रुळलो’ असं काही वाटत नाही. त्याला फक्त ओळखीचं कुणी दिसेनासं होतं.

पाचच्या सुमाराला बाई उठायच्या, पर्स घ्यायच्या आणि मजल्याचं दार ओढायच्या. मदतनीस मुली म्हणायच्या, ‘आजी, बसा. आजी, कुठे चाललात?’ त्या थांबायच्या नाहीत. नोंदवहीत रोज तेच : ‘संध्या. ५ वा. भटकणे, चिडचिड.’ एका मुलीने हात धरला तेव्हा तिला चापट बसली. भेट देणाऱ्या डॉक्टरांनी क्वेटियापिन हे मनोविकारांवरचं, माणसाला शांत करणारं औषध सुरू केलं. अशा औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिलेला आहे. कधी कधी ती लागतात, मीही ती सुरू झालेली पाहिली आहेत. पण आधी दुसरं काही करून पाहायचं असतं. इथे काहीच करून पाहिलं नव्हतं. लघवीची तपासणीसुद्धा नाही. ती दहा दिवसांनी झाली आणि तिच्यात संसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ एकाएकी वाढला की पहिल्यांदा तेच पाहावं.

औषधाने बाई दुपारभर पेंगायच्या आणि पाचला तशाच उठायच्या, आता झोकांड्या खात. चोविसाव्या दिवशी पडल्या. भुवईवर तीन टाके. वजन सहा आठवड्यांत चार किलोने उतरलं.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी लेक न कळवता साडेपाचला पोचली. आई खुर्चीत होती आणि कमरेभोवती ओढणी गुंडाळून खुर्चीच्या मागे गाठ मारलेली होती.

त्या रात्री लेकीशी फोनवर दीड तास बोलले. तिला आईला तिथून लगेच हलवायचं होतं. मी एक आठवडा मागितला, आणि तो मागताना मला खात्री नव्हती. माझं म्हणणं इतकंच होतं की रात्री अकराला पुण्यात दुसरी जागा मिळणार नाही, आणि जी मिळेल तिथेही पाच वाजणारच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांना भेटलो. २०१७च्या कायद्याप्रमाणे एखाद्याला बांधून ठेवणं हा तातडीचा धोका टाळण्याचा शेवटचा उपाय आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी आणि लेखी नोंद लागते. इथे दोन्ही नव्हतं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, पाचलाच चहा असतो आणि त्याच वेळी ड्युटी बदलते, चौदा जणांमागे अर्धा तास दोनच मुली असतात, आजी परत पडल्या तर तुम्हीच विचाराल. मला राग आला होता. पण त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि त्या दोन मुलींना मी पुढे ओळखायला लागले. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांना फक्त ‘पडू देऊ नका’ एवढंच सांगितलेलं होतं.

लेखी ठरलं : बांधायचं नाही, औषध मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं, भेटीला वेळेचं बंधन नाही, आणि पाच ते सहा एक मदतनीस फक्त बाईंजवळ.

पाच वाजता

त्या आठवड्यात अण्णा पहिल्यांदा आले, वॉकर घेऊन. व्यवस्थापकांच्या खोलीत बसलो होतो. नोंदवही समोर उघडी होती. ‘संध्याकाळी भटकतात,’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं.

अण्णा म्हणाले, ‘भटकत नाही ती. सव्वापाचची गाडी आहे तिची.’

मग त्यांनी सांगितलं. शाळा पाचला दहा कमी असताना सुटायची. सगळी पोरं आवारातून बाहेर पडेपर्यंत ती थांबायची, मग वर्गांना कुलपं घालायची. किल्ली शाळेजवळच्या एका घरी द्यायची. तिथून फाट्यापर्यंत चालत, भरभर. सव्वापाचची चुकली तर पुढची गाडी सातला, आणि घरी दोन लहान मुलं. ‘सतरा वर्षं पावणेपाच वाजले की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. निवृत्त झाल्यावरही पाचला हातातलं काम टाकून उठायची आणि मग स्वतःच हसायची.’

खोलीत कुणी बोललं नाही. अडीच महिने आम्ही सगळे ज्याला आजाराचं लक्षण म्हणत होतो, ती एका कामसू बाईची घरी जायची वेळ होती. ऑक्टोबरात मी दोन मिनिटांचा जिना चढले असते तर हे मला तेव्हाच कळलं असतं.

पुढचं काम एका मदतनीस मुलीने केलं, मी नाही. हिंगोली जिल्ह्यातली बावीस वर्षांची मुलगी, स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. तिने दुसऱ्याच दिवशी ‘आजी’ म्हणायचं सोडलं. ‘बाई, चला’ म्हटल्यावर बाई उठल्या. आजी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाई कोण हे पक्कं ठाऊक होतं.

साडेचारला चहा, बाकीच्यांच्या आधी. पावणेपाचला ती मुलगी म्हणते, ‘बाई, पोरं गेली सगळी.’ बाई खात्री करून घेतात, वर्गात कुणी राहिलं नाही ना. मग जेवणघराच्या कपाटाला कुलूप लावायचं, जुनंच, अण्णांनी घरून आणून दिलेलं. किल्ली घेऊन अंगणात भरभर चालायचं, सहा फेऱ्या. मधे पाढे होतात. पावकी-निमकी अजून बिनचूक येते, आणि मुलगी अडखळली की बाई थांबून तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतात. शेवटी फाटकावरच्या रखवालदाराकडे किल्ली द्यायची. त्यालाही नीट शिकवलं आहे. तो उठून उभा राहतो, दोन्ही हातांत किल्ली घेतो आणि म्हणतो, ‘ठेवतो बाई.’ बहुतेक दिवशी यानंतर त्या गाडीचं विचारत नाहीत.

जर्मनीत काही वृद्धनिवासांनी आवारात खोटे बसथांबे उभे केले आहेत, घरी निघालेल्या माणसाने तिथे बसावं आणि निघाल्याचं विसरून जावं म्हणून. त्यांवर वाद आहे, आणि मला स्वतःला ते आवडत नाही. आमच्याकडे कुणीतरी तेही सुचवलं होतं. अण्णांनी नको म्हटलं. कधीच न येणाऱ्या गाडीची वाट पाहायला तिला बसवू नका, म्हणाले. तेव्हापासून ठरलं की गाडी येतेय असं कुणी सांगायचं नाही. बाईंनी विचारलंच तर उलट विचारायचं, कोणत्या गावची गाडी, रस्त्यात काय काय लागतं. त्या सांगतात. ‘पोरं गेली’ हेही खोटंच नाही का, असं लेकीने मला विचारलं होतं. मी म्हटलं, पोरं खरंच गेली आहेत, आणि बाईंचं काम खरंच झालेलं आहे. हे उत्तर मला पुरतं वाटतं, तिला वाटलं की नाही माहीत नाही.

परिणाम

मानसोपचारतज्ज्ञांनी क्वेटियापिन तीन आठवड्यांत कमी करत बंद केलं. एप्रिलपर्यंत अडीच किलो वजन भरून आलं. मे महिन्यात एकदा पडल्या, लागलं नाही. वाईट संध्याकाळी संपल्या नाहीत. आठवड्यात एखाद-दोन असतातच, आणि ती मुलगी रजेवर असली की हमखास. म्हणून सगळा क्रम एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावला. तरी एकदा बदलीवर आलेल्या मुलीने घाईत ‘गाडी रद्द झाली’ म्हणून सांगितलं आणि बाई रात्रभर रडल्या, पोरं घरी एकटी आहेत म्हणून. ती दोन पोरं म्हणजे आजची चाळिशी ओलांडलेली लेक आणि मुलगा.

निवासाने ड्युटी बदलण्याची वेळ सगळ्यांसाठीच साडेसहाला नेली. त्याचा फायदा इतर तेरा जणांनाही झाला असावा.

अण्णा मंगळवार, गुरुवार, शनिवार रिक्षाने साडेचारला येतात. त्याच आवारात खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली मिळत होती, लेकीने खूप आग्रह केला. ते नको म्हणाले. ‘तिथे राहिलो तर रोज रात्री तिला वर सोडून मी खाली यायचं. आता मी तिला भेटायला जातो, ते बरं.’ ते घरीच आहेत, सकाळ-संध्याकाळ एक माणूस मदतीला येतो. पावसाळ्यात कधीतरी बाईंनी त्यांना ‘गुरुजी’ म्हणायला सुरुवात केली. मुख्याध्यापक समजतात. पहिल्या दिवशी ते फेरी पूर्ण न करता निघून गेले. पुढच्या वेळी आले ते टोपी घालून.

काय वेगळं करता आलं असतं

अण्णांना न विचारणं, हे मी वर लिहिलंच आहे. त्यानंतर मी माझ्या कामात एक बदल केला. आता प्रवेश अर्जाआधी घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाकडून एका दिवसाचं वर्णन घेते : पन्नाशीत असताना या माणसाचा दिवस कसा जायचा, तासातासाने. कोणत्या वेळी कुठे पोचायचं असायचं, कुणासाठी. लोक त्याला काय म्हणून हाक मारायचे. तो कागद औषधांच्या यादीच्या वर लावायला सांगते.

जागा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायची, दुसऱ्यांदा न कळवता.

२०२१ साली निदान झालं तेव्हाच कुणीतरी लेकीला फोन करायला हवा होता. डॉक्टरांनी करायचा, की अण्णांनी, यावर मी बराच विचार केला आहे. तेव्हा बाईंना स्वतःबद्दल बरंच कळत होतं. पेन्शनचं खातं जोडीदाराबरोबर संयुक्त करता आलं असतं. २०१७च्या कायद्यानुसार आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी त्यांनी स्वतः नेमला असता. दिवसाच्या केंद्रात त्या आनंदाने गेल्या असत्या, मुलांना शिकवायला चालले असं समजून. आणि अण्णांना पुढची दोन वर्षं हे सगळं एकट्याने झाकत बसावं लागलं नसतं. अण्णांना मी दोष देत नाही. बायकोची अब्रू झाकावी तसं त्यांनी हे झाकलं, आणि आपल्याकडे या आजाराभोवती अजून जी लाज आहे ती काही त्यांनी निर्माण केलेली नाही.

नेताना खोटं सांगितलं, त्याबद्दल माझं मत पक्कं नाही. खरं सांगितलं असतं तर पाच मिनिटांत विसरल्या असत्या आणि पाच मिनिटं घाबरल्या असत्या. पण ‘ह्यांना सांगितलंस का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची तयारी करून आम्ही निघायला हवं होतं.

सध्या

आता बाई चाकांच्या खुर्चीत असतात. फेऱ्या दोनच, ढकलत. पाढे थांबले. किल्ली अजून हातात असते आणि रखवालदार अजून उठून उभा राहतो. गेल्या महिन्यापासून गिळायला त्रास व्हायला लागला, ठसका लागतो. डॉक्टरांनी नाकातून नळीचा विषय काढला. इतक्या पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही, हेही त्यांनी सांगितलं. अण्णांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचा लेखी कागद, २०२४ साली दोन साक्षीदारांसमोर करून, नोटरी करून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ती पद्धत सोपी केली त्याचा उपयोग झाला. बाईंना ते आता करता येणार नाही.

या वेळची बैठक सहकारनगरला झाली, अण्णांच्या खुर्चीभोवती. लेक नाशिकहून आली होती, मुलगा पडद्यावर. मी आधी अण्णांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, चमच्याने, हळूहळू भरवलं तर? मी म्हटलं, तसं करता येतं, घट्टसर पेज, बसवून, एका घासाला दोन मिनिटं धरून. एका जेवणाला तास लागतो आणि निवासातल्या मुलींना एकीमागे तेवढा वेळ मिळत नाही.

त्यांनी विचारलं, ‘तिथं दुपारचं जेवण किती वाजता असतं?’

सव्वाबाराला, असं लेकीने सांगितलं. अण्णांनी रिक्षावाल्याला फोन लावला आणि त्याला उद्यापासून रोज साडेअकराला यायला सांगितलं.